परदेशात जन्मलेले रहिवासी येतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक देशांच्या जनगणनेत जन्मस्थानाचा एक तक्ता असतो. बातम्यांत त्यातला एकच आकडा येतो: देशात इतके टक्के लोक बाहेर जन्मलेले. मला त्या टक्क्यापेक्षा त्याखालची देशांची यादी जास्त महत्त्वाची वाटते. कोणता देश पहिला आहे, कोणता अचानक वर आला, कोणता हळूहळू खाली चालला आहे, हे पाहिलं की त्या यजमान देशानं गेल्या शंभर वर्षांत कोणाशी युद्धं केली, कोणावर राज्य केलं आणि कोणाला कामाला बोलावलं ते कळत जातं. या यादीबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'परदेशात जन्मलेले' म्हणजे परदेशी नागरिकच ना?

नाही. हा गोंधळ सर्वात आधी दूर करायला हवा. या मोजणीत जन्म कुठे झाला ते पाहतात, पासपोर्ट कोणता आहे ते नाही. पंजाबात जन्मून चाळीस वर्षं कॅनडात राहिलेली आणि तिथलं नागरिकत्व घेतलेली बाई या आकड्यात येते. तिची कॅनडात जन्मलेली मुलं येत नाहीत. उलट जर्मनीत जन्मलेला, पण फक्त तुर्की पासपोर्ट असलेला तरुण परदेशी नागरिक ठरतो, परदेशात जन्मलेला मात्र नाही.

व्याख्याही देशागणिक बदलते. अमेरिकेचं जनगणना खातं जन्मतः अमेरिकी नागरिक नसलेल्यांनाच या गटात धरतं. त्यामुळे पोर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावर जन्मलेले त्यात येत नाहीत, आणि अमेरिकी आईबापांच्या पोटी परदेशात जन्मून नागरिकत्व मिळालेली मुलंही येत नाहीत. फ्रान्समध्ये स्थलांतरित ठरायला जन्म परदेशात व्हावा लागतो आणि तोही परदेशी नागरिक म्हणून. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर तिथून लाखो युरोपीय वंशाचे लोक फ्रान्सला आले. त्यांचा जन्म अल्जीरियातला, पण ते जन्मतःच फ्रेंच नागरिक. म्हणून फ्रेंच आकडेवारीत ते स्थलांतरित नाहीत. असेच लोक ब्रिटनमध्ये असते तर मोजले गेले असते, कारण तिथे फक्त जन्मदेश पाहतात. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

जगात असे किती लोक आहेत?

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये ३०.४ कोटी, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ३.७ टक्के. बाकी सगळे ज्या देशात जन्मले तिथेच राहतात. वाटणी मात्र फार विषम आहे. संयुक्त अरब अमिरातीत दहातले सातहून जास्त रहिवासी बाहेरचे, ऑस्ट्रेलियात दहातले जवळपास तीन, आणि चीनमध्ये हजारात जेमतेम एक.

हे लोक कुठून येतात, याला काही नियम आहे का?

काटेकोर नियम नाही. पण चार कारणं पुन्हा पुन्हा दिसतात: शेजार, जुनं साम्राज्य, मुद्दाम केलेली कामगारभरती आणि युद्ध किंवा हकालपट्टी. एकदा पहिली काही हजार माणसं पोहोचली की पाचवं कारण आपोआप तयार होतं, ते म्हणजे ओळख. आधी गेलेला भाऊ किंवा गाववाला खोली शोधून देतो, काम लावून देतो, कागद कसे भरायचे ते सांगतो. त्यामुळे मूळ कारण संपल्यावरही त्याच देशातून, अनेकदा त्याच जिल्ह्यांतून, माणसं येत राहतात.

शेजारी देश नेहमीच पहिला असतो का?

अनेकदा असतो. पाकिस्तान आणि इराणमध्ये अफगाण, कोलंबियात व्हेनेझुएलाचे, अमेरिकेत मेक्सिकोचे लोक सर्वाधिक आहेत. स्वीडनमध्ये कित्येक दशकं फिनलंडमध्ये जन्मलेले पहिल्या क्रमांकावर होते, कारण १९५४ पासून नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देशांत एकमेकांकडे कामाला जायला परवाना लागत नव्हता.

पण नुसत्या शेजारानं सगळं समजत नाही. पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टमध्ये बुर्किना फासोत जन्मलेले लोक दहा लाखांहून जास्त आहेत. सीमा लागून आहे हे खरं, पण ही वाट फ्रेंच राजवटीनं पाडली. किनाऱ्यावरच्या मळ्यांना आणि बांधकामांना मजूर हवे होते, ते उत्तरेतून सक्तीनं आणले जात. त्यासाठी १९३२ मध्ये अप्पर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) ही वसाहतच मोडली आणि तिचा मोठा भाग आयव्हरी कोस्टला जोडला. १९४७ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली. सक्ती गेली, पण कोकोच्या मळ्यांकडे जाणारी वाट राहिली.

मेक्सिकोचंही थोडं तसंच आहे. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसं कमी पडली तेव्हा अमेरिकेनं १९४२ मध्ये मेक्सिकोशी करार करून हंगामी मजूर आणायला सुरुवात केली. १९६४ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. तोवर कोणत्या मालकाला किती माणसं लागतात आणि तिथे कसं पोहोचायचं, हे गावोगाव ठाऊक झालं होतं.

साम्राज्यं तर कधीच संपली. तरी त्यांचा परिणाम दिसतो?

फार ठळक दिसतो. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये १ कोटी रहिवासी, म्हणजे १६.८ टक्के, देशाबाहेर जन्मलेले होते. त्यांत भारतात जन्मलेले पहिले, सुमारे ९ लाख २० हजार. पोलंड दुसरा, सुमारे ७ लाख ४३ हजार. पाकिस्तान तिसरा, सुमारे ६ लाख २४ हजार. १९४८ च्या कायद्यानं ब्रिटिश वसाहतींतल्या आणि राष्ट्रकुलातल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता. १९६२ मध्ये त्यावर बंधनं आली, पण तोवर वस्त्या रुजल्या होत्या.

फ्रान्समध्ये अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया वर आहेत. नेदरलँड्समध्ये सुरीनाम वर आहे. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र होताना डच नागरिकत्व जाणार हे दिसताच तिथल्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा नेदरलँड्सला गेला. स्पेनमध्ये मोरोक्कोबरोबर कोलंबिया, व्हेनेझुएला, इक्वेडोर दिसतात. भाषा एकच आहे, शिवाय लॅटिन अमेरिकी देशांच्या नागरिकांना तिथे दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. इतर बहुतेकांना दहा वर्षं थांबावं लागतं. म्हणूनच स्पेनची यादी पासपोर्टनुसार पाहिली तर लॅटिन अमेरिकी लोक प्रत्यक्षापेक्षा कमी भासतात.

पोलंडवर मात्र ब्रिटननं कधी राज्य केलं नाही. २००४ मध्ये युरोपीय संघात दहा नवे देश आले. त्यांतल्या आठ पूर्व आणि मध्य युरोपीय देशांच्या कामगारांना पहिल्याच दिवसापासून दार उघडणारे जुने सदस्य तीनच: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. बाकीच्यांनी काही वर्षं थांबायचं ठरवलं. पोलंडच्या लोकांचा मोठा ओघ ब्रिटन आणि आयर्लंडकडे वळला त्यामागे हा एक प्रशासकीय निर्णय आहे.

कामगारभरतीचे करार म्हणजे काय? त्यांचा इतका परिणाम कसा?

या विषयातला हा भाग मला सर्वात बोलका वाटतो, कारण इथे स्थलांतर 'आपोआप घडलं' असं कोणालाच म्हणता येत नाही. सरकारांनी सह्या करून ते घडवलं.

बेल्जियमचं उदाहरण घ्या. युद्धानंतर कोळशाच्या खाणींत उतरायला स्थानिक माणसं तयार नव्हती. १९४६ मध्ये बेल्जियमनं इटलीशी करार केला: इटलीनं माणसं द्यायची, बदल्यात बेल्जियमनं कोळसा पुरवायचा. गाड्या भरभरून इटालियन तरुण आले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल इथल्या खाणीत आग लागली. २६२ कामगार मेले, त्यांतले १३६ इटालियन होते. त्यानंतर इटलीनं ही भरती थांबवली. बेल्जियमनं आपली नजर आधी स्पेन आणि ग्रीसकडे वळवली, मग १९६४ मध्ये मोरोक्को आणि तुर्कस्तानशी करार केले. आज ब्रसेल्समध्ये मोरोक्कन वंशाची मोठी वस्ती आहे, तिच्यामागे त्या आगीचाही हात आहे.

जर्मनीची साखळी त्याहून लांब. पश्चिम जर्मनीनं १९५५ मध्ये इटलीशी, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी, १९६३ मध्ये मोरोक्कोशी, १९६४ मध्ये पोर्तुगालशी, १९६५ मध्ये ट्युनिशियाशी आणि १९६८ मध्ये युगोस्लाव्हियाशी करार केले. तुर्की कामगारांनी दोन वर्षं काम करून परत जायचं आणि त्यांच्या जागी नवे यायचे, अशी मूळ योजना होती. कारखानदारांनाच ती परवडेना. शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी कोण घालवेल? अट काढली गेली. तेलसंकटाच्या वेळी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, भरती पूर्ण थांबली आणि घडलं अपेक्षेच्या उलट. एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही हे कळल्यावर अनेकांनी परतायचा विचार सोडला आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. दार बंद केल्यामुळे तात्पुरते आलेले लोक कायमचे झाले.

यादीत कधी कधी अगदी अनपेक्षित देश दिसतात. ते का?

अशा देशांमागे बहुधा परतीच्या वाटा असतात.

मेक्सिकोच्या २०२० च्या जनगणनेत परदेशात जन्मलेले सुमारे १२ लाख निघाले आणि त्यांतले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकेत जन्मलेले. यात निवृत्त अमेरिकी आहेत, पण मोठा वाटा मुलांचा आहे: आईबाप मेक्सिकन, जन्म अमेरिकेतला, आणि पुढे कुटुंब परतलं किंवा परत पाठवलं गेलं.

इंग्लंडच्या यादीत जर्मनी बराच वर असतो. त्यातले बरेच जण जर्मनीतल्या ब्रिटिश लष्करी तळांवर जन्मलेली सैनिकांची मुलं आहेत. केनिया आणि युगांडात जन्मलेल्यांत भारतीय वंशाची कुटुंबं ठळक आहेत. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना युगांडा सोडायला नव्वद दिवस दिले, तेव्हा त्यातले सत्तावीस हजारांहून जास्त ब्रिटनला आले. तक्त्यात त्यांच्यापुढे 'युगांडा' लिहिलेलं असतं, घरात गुजराती बोलली जाते.

तुर्कस्तानच्या यादीत बल्गेरिया वर्षानुवर्षं ठळक राहिला. तिथल्या कम्युनिस्ट राजवटीनं तुर्की वंशाच्या लोकांची नावंसुद्धा सक्तीनं बदलली आणि १९८९ मध्ये तीन लाखांहून जास्त जण सीमा ओलांडून आले. जर्मनीत कझाकस्तान दिसतो, कारण स्टालिननं १९४१ मध्ये व्होल्गाकाठच्या जर्मन वंशाच्या लोकांना उचलून कझाकस्तान आणि सायबेरियात नेऊन टाकलं होतं. त्यांची मुलं, नातवंडं प्रामुख्यानं १९९० च्या दशकात जर्मनीत आली.

माणूस सीमा न ओलांडताही परदेशात जन्मलेला ठरू शकतो का?

हो, आणि अशांची संख्या कोटींत आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला, तेव्हा ताश्कंदमध्ये जन्मून मॉस्कोत स्थायिक झालेला माणूस एका रात्रीत 'परदेशात जन्मलेला' झाला. तो आला होता तेव्हा ते देशांतर्गत स्थलांतर होतं. रशिया, युक्रेन, कझाकस्तान, एस्टोनिया, लाटव्हिया यांचे आकडे मोठे दिसण्याचं मुख्य कारण हेच.

भारतीय उपखंडात फाळणीनं असंच केलं, फक्त इथे माणसंही हलली आणि रेषाही. मनमोहन सिंग १९३२ मध्ये गाह या गावी जन्मले, लालकृष्ण अडवाणी १९२७ मध्ये कराचीत. दोन्ही ठिकाणं तेव्हा ब्रिटिश भारतात होती, आज पाकिस्तानात आहेत. भारताच्या जनगणनेत पाकिस्तानात जन्मलेल्यांचा आकडा दर दशकात घटत गेला, कारण ती पिढीच संपत चालली.

सर्वात गरीब देशांतूनच सर्वाधिक लोक श्रीमंत देशांत जातात ना?

हा समज पक्का रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. दूरच्या देशात जायला पैसे, कागदपत्रं, थोडंफार शिक्षण आणि तिथे कोणीतरी ओळखीचं लागतं. अगदी गरीब माणूस गेला तर शेजारच्या देशात जातो. श्रीमंत देशांच्या याद्यांत वर दिसतात ते भारत, मेक्सिको, फिलिपिन्स, पोलंड, रोमानिया, मोरोक्को, तुर्कस्तान, चीन. यांतला एकही देश जगातल्या सर्वात गरीब देशांत मोडत नाही. उत्पन्न तळापासून मध्यम पातळीवर येईपर्यंत बाहेर जाणं सहसा वाढतं आणि देश बराच सधन झाल्यावर कमी होतं. इटली, स्पेन, आयर्लंड, दक्षिण कोरिया यांनी एकेकाळी माणसं पाठवली. आज ते माणसं घेतात.

भारत इतक्या याद्यांत वर का असतो?

पहिलं कारण साधं आहे: लोकसंख्या. २०२० च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार भारताबाहेर राहणारे, भारतात उगम असलेले स्थलांतरित सुमारे १.८ कोटी होते, जगात सर्वाधिक. तरी देशाच्या लोकसंख्येच्या मानानं हे प्रमाण दीड टक्क्याच्या आत आहे. मेक्सिकोचे बाहेर राहणारे सुमारे १.१ कोटी, पण तिथल्या लोकसंख्येच्या मानानं ते नऊ टक्क्यांच्या आसपास येतात.

दुसरा फरक पसरण्याचा आहे. मेक्सिकोचे जवळजवळ सगळे एकट्या अमेरिकेत आहेत. भारतातून गेलेले आखातात कामगार आणि कर्मचारी म्हणून, अमेरिकेत संगणक अभियंते आणि विद्यार्थी म्हणून, ब्रिटनमध्ये जुन्या नात्यानं, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात शिक्षण, वय, भाषा अशा गोष्टींना गुण देऊन निवड करणाऱ्या व्यवस्थेतून गेले. एका देशानं दार लोटलं तरी बाकीची उघडी राहतात.

कायदा बदलला की यादी खरंच बदलते?

बदलते, पण वेळ लागतो. अमेरिकेनं १९२४ मध्ये देशवार कोटे लावले आणि उत्तर-पश्चिम युरोपला झुकतं माप दिलं. आशियातून येणं जवळपास बंद केलं. १९६० मध्ये परदेशात जन्मलेल्यांपैकी तीन चतुर्थांश युरोपातले होते आणि इटली पहिला होता. १९६५ च्या कायद्यानं ते कोटे मोडले आणि कुटुंबीयांना बोलावण्यावर भर दिला. यादी इतकी पालटेल असं त्या कायद्याच्या समर्थकांनाही वाटलं नव्हतं. आज मेक्सिको पहिला आहे, त्यामागे भारत आणि चीन.

ऑस्ट्रेलियानं १९०१ पासून गोऱ्यांनाच प्राधान्य देणारं धोरण राबवलं आणि १९७३ पर्यंत त्याचे शेवटचे अवशेष काढून टाकले. २०२१ च्या जनगणनेत तिथे इंग्लंड पहिला, पण भारत दुसरा आणि चीन तिसरा होता. कॅनडानं १९६७ मध्ये गुणपद्धत आणली. २०२१ मध्ये तिथे स्थलांतरितांचं प्रमाण २३ टक्क्यांवर गेलं, १८६७ पासूनचं सर्वाधिक.

निर्वासित या आकड्यांत मोजले जातात का?

तत्त्वतः हो, व्यवहारात कधी हो, कधी नाही. स्वीडनमध्ये त्यांची नोंद लोकसंख्या नोंदवहीत होते, त्यामुळे २०१७ च्या सुमारास सीरियानं फिनलंडला मागे टाकलं ते तक्त्यात लगेच दिसलं. तुर्कस्तानात मात्र 'तात्पुरतं संरक्षण' मिळालेले सीरियन, एका टप्प्यावर ३६ लाखांहून जास्त, नेहमीच्या लोकसंख्या आकडेवारीत धरलेले नव्हते. तक्त्यात नसणं म्हणजे देशात नसणं नव्हे.

आखाती देश आणि जपान यांचे आकडे वेगळे वाटतात. का?

कारण तिथे मुख्यतः नागरिकत्व मोजतात. दुबईत जन्मलेलं केरळी कुटुंबातलं मूल तिथल्या मोजणीत परदेशीच राहतं, कारण जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. जपानमध्ये कोरियन नागरिक म्हणून नोंदलेल्या अनेकांचा, त्यांच्या आईबापांचाही, जन्म जपानमधलाच आहे. संयुक्त राष्ट्रं जिथे जन्मस्थानाची माहिती मिळत नाही तिथे नागरिकत्वाचा आकडा वापरतात, त्यामुळे जागतिक तक्त्यात दोन्ही प्रकार एकाच रकान्यात बसतात.

एखादा देश यादीत खाली जातो म्हणजे तिथले लोक परत गेले का?

बहुधा नाही. ऑस्ट्रेलियात इटलीत जन्मलेले १९७१ मध्ये सुमारे २ लाख ८९ हजार होते, २०२१ मध्ये सुमारे १ लाख ६३ हजार. काही परतले हे खरं, पण मुख्य कारण वय आहे. ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे आणि मागून नवे फारसे आले नाहीत. त्यांची मुलं, नातवंडं मेलबर्नमध्येच आहेत. जन्म ऑस्ट्रेलियातला असल्यानं या तक्त्यात ती नाहीत.

हेच उलटही लागू होतं. यादी सांगते ती आजवर साठलेली संख्या, यंदा कोण आलं ते नाही. नव्यानं येणाऱ्यांत एखादा देश पहिला असला तरी एकूण यादीत वर यायला त्याला दहा-वीस वर्षं लागू शकतात.

तक्ता वाचताना आणखी काय पाहावं?

देशांची नावं कशी पाडली आहेत ते पाहा. ऑस्ट्रेलिया इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगळे मोजतो. एकत्र केले तर पहिला आणि दुसरा यांतलं अंतर बरंच वाढतं. चीनच्या आकड्यात हाँगकाँग आणि तैवान आहेत की नाहीत, ते पाहा. जन्मदेशावरून वंश ओळखायला जाऊ नका. फिजीत जन्मलेल्या ऑस्ट्रेलियनांत भारतीय वंशाचे खूप आहेत. आणि 'युगोस्लाव्हिया'सारखं आता नसलेल्या देशाचं नाव आलं, तर तळटीप नक्की वाचा: आज बोस्नियात असलेल्या साराजेवोत १९८० मध्ये जन्मलेल्या माणसानं कोणता देश लिहायचा, हे काही जनगणनांनी त्याच्यावर सोडलं आहे आणि काहींनी आजच्या सीमेनुसार त्याच्या वतीनं ठरवून टाकलं आहे.